गुलाबाचा वास, लिचीची आठवण

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त स्ट्रासबुर्गला असतो. गेल्या दिवाळीत तो आला, तो एक उंच, सडपातळ, हिरवट बाटली घेऊन. आमच्या घरात बाटली म्हणजे काकवीची नाहीतर कोकम सरबताची. त्यामुळे ही नेमकी ठेवायची कुठे, इथूनच चर्चा सुरू झाली. त्यातून इंदूरची आत्या मुक्कामाला. तिच्या यजमानांच्या दारूपायी तिचे काय काय गेले, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच त्याविषयी बोलत नाही.

रात्री मुले झोपल्यावर भावाने बूच काढले. पेल्यात जेमतेम दोन बोटे वाइन ओतली असेल, तोच दाराशी उभी असलेली आत्या म्हणाली, ‘‘लिची कुणी आणली रे?’’

मंडळी, आत्याचे नाक अगदी बरोबर होते! वाइनचे नाव गेवुर्त्सट्रामिनर. नाव ऐकून घाबरू नका. ‘गेवुर्त्स’ म्हणजे जर्मनमध्ये मसाला, आणि ट्रामिन हे उत्तर इटलीतले एक गाव. द्राक्षाच्या मूळ जातीला त्या गावाचे नाव पडले. लिचीच्या वासाचे कोडे रसायनशास्त्राने उलगडले आहे. गुलाबाच्या तेलात ‘रोझ ऑक्साइड’ नावाचे गंधद्रव्य असते. तेच लिचीत असते आणि तेच या द्राक्षात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1999 मध्ये लिची आणि ही वाइन यांच्या गंधांची तुलना करून हे साम्य दाखवून दिले. म्हणजे वाइनमध्ये वरून काहीही घातलेले नसते. द्राक्षाची साल पिकल्यावर गुलाबी, तांबूस होते. रस मात्र सालीवर मुरत न ठेवता काढतात, म्हणून वाइन पांढरी. पांढरी म्हणायची, एरवी रंग पिवळ्या सोन्याचा.

ही वाइन मुख्यतः फ्रान्सच्या अल्सास प्रांतातली. मग नाव जर्मन कसे? या प्रांताचे नशीबच तसे. 1871 मध्ये तो जर्मनीने घेतला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परत आला, 1940 मध्ये पुन्हा जर्मनांच्या हाती गेला आणि दुसरे महायुद्ध संपता संपता पुन्हा फ्रेंच झाला. 1870 च्या आधी जन्मलेल्या आणि दीर्घायुष्य लाभलेल्या माणसाने एकाच घरात राहून चार वेळा देश बदलला! सरकारे बदलली, द्राक्षाचे नाव तेवढे तसेच राहिले.

अल्सासच्या पश्चिमेला व्होज पर्वत आहे. अटलांटिकवरून येणारे ढग त्याच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडचे कोल्मार शहर फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक ठरते. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि सह्याद्रीच्या पूर्वेला दुष्काळी पट्टा, तोच हा प्रकार. आपल्याकडे त्यापायी टँकर येतात; तिथे लांबलेल्या कोरड्या शरदात द्राक्षे निवांत पिकतात आणि त्यांत साखर भरपूर उतरते.

साखर जास्त म्हणून मद्यार्कही जास्त. तेरा-चौदा टक्के सहज, म्हणजे बिअरच्या दुपटीहून अधिक. वासाला भुलून सरबत समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2023 मध्ये स्पष्टच सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. हे लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

काही बाटल्या बऱ्याच गोड असतात, काही कमी. 2021 च्या हंगामापासून अल्सासच्या बाटलीवर गोडव्याची पायरी छापणे सक्तीचे झाले आहे, ती वाचावी. ‘सेक’ म्हणजे गोडवा नसलेली, ‘मोएलो’ म्हणजे गोडसर. फार गार केली तर वास मिटतो. फ्रीजमधून पंधरावीस मिनिटे आधी काढून ठेवलेली बरी. तिथले लोक हिच्याबरोबर मुन्स्टर नावाचे उग्र वासाचे चीज खातात, वर जिरे भुरभुरून. मसालेदार भारतीय जेवणाला ही उत्तम, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते अर्धेच पटले. नारळाच्या दुधातल्या सौम्य भाजीबरोबर छान लागली, पण तिखट रश्श्याचा घास घेतला आणि मद्यार्काने तोंडाची आग दुप्पट केली.

आत्याने त्या रात्री पेला हातात घेतला. नाकाशी नेला, ओठांशी नाही. बराच वेळ वास घेत राहिली.

‘‘रोज घेतोस का रे?’’ तिने भावाला विचारले.

‘‘नाही गं आत्या. महिन्यातून एखाद्या वेळी.’’

‘‘मोजून सांगतोयस ना?’’ ती म्हणाली, आणि पेला त्याच्या हातात परत दिला.