स्लॅब टाकण्याआधी मिस्त्री घडवा

चिखलदऱ्याला हवा थंड, आपल्याला उकाड्याची काय काळजी, असं म्हणू नका. गाव हजार मीटरच्या वर आहे. पण खाली मेळघाटातल्या एखाद्या गावात मे महिन्याची दुपार टिनाखाली काढून बघा. तिथे बाळंतीण झोपलेली असते. तान्हं रडून रडून निपचित पडतं. डोंगर उतरलं की अकोला. तिथे मे 2020 मध्ये पारा 47 अंशांच्या वर गेला होता. आणि हाच टिन पौषात रात्रभर गारठवतो.

घर बांधणारे तुम्ही आहात. म्हणून आत्ताच थांबा, विचारा. घरकुलाचा हप्ता आला की आपण घाई करतो, मिळेल त्या मिस्त्रीला बोलावतो. त्याचा दोष नाही. त्याला कोणी शिकवलंच नाही.

काय शिकायचं? पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नको. समोरासमोर खिडक्या ठेवा, वारा आरपार जाऊ द्या. छपरी रुंद काढा. स्लॅबवर पांढरा चुना द्या. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवली तर ऊन आत कमी येतं, विटाही जवळपास चौथ्या हिश्शाने वाचतात. कुडाच्या मातीच्या भिंती आणि वर कवेलू, ही आपल्या कोरकू आजोबांची समज मोडीत काढू नका.

एकदा टाकलेला स्लॅब काढता येत नाही. चुकलेल्या घरात तुमची लेकरं मोठी होतील, सुना येतील, म्हातारी माणसं उन्हाळे सोसतील. पंख्याचं, कूलरचं बिल जन्मभर भराल.

शिकवणारे दूर नाहीत. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारलं. स्थानिक कोरकू माणसं तिथे बांबूकाम शिकली, बांबूची घरं बांधायला शिकली. सुनीलभाऊ 2021 साली गेले. तो धडा आपण पुढे नेला पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेतही ग्रामीण गवंड्यांसाठी 45 दिवसांचं प्रशिक्षण आहे. शिकता शिकता खरंखुरं घर उभं राहतं. त्यात ऊन-वाऱ्याचा धडा घाला, असा आग्रह धरा.

ग्रामसेवकाला गाठा. आयटीआयच्या गुरुजींना विचारा. रिसॉर्ट बांधणाऱ्या मालकांनो, शिकलेल्या स्थानिक मिस्त्रीलाच काम द्या. होळीला कामावरून पोरं गावी परततात, तेव्हाच त्यांना धरा. येत्या ग्रामसभेत उठून उभे राहा आणि तुमच्या गावातल्या दोघांची नावं प्रशिक्षणाला द्या. त्यात एक मुलगी असू द्या.