शक्ती बघून तप



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या घरी एकाच गोष्टीवरून खटके उडायचे, ते म्हणजे सासूबाईंचे उपवास. वय 71, मधुमेह जुना आणि हट्ट त्याहून जुना!

तीन वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीला त्यांनी कुणाला न सांगता निर्जळ उपवास धरला. पहाटे साखरेची गोळी मात्र सवयीनं घेतली. गोळी पोटात आणि अन्न नाही, मग साखर खाली जाणारच. दुपारी मंदिरातून आल्या त्या घामानं डबडबून. हात थरथरत होते, बोलणं तुटत होतं. मशीनवर आकडा आला 52. मी साखरेचं पाणी पुढं केलं, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"आत्या, घ्या ना!"

"व्रत मोडायचं नाही गं."

शेवटी नात रडायला लागली, तेव्हा दोन घोट घेतले. जीव वाचला, पण व्रतभंगाच्या दुःखानं चार दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. प्रायश्चित्त मागायला त्यांना चातुर्मासासाठी आलेल्या माताजींकडे घेऊन गेले. सगळं ऐकून माताजी एवढंच म्हणाल्या, "सोळाकारण भावना म्हणता ना? त्यातली 'शक्तितस्तप' कशी विसरलात?"

शक्तितस्तप म्हणजे शक्तीप्रमाणे तप. मीही ते लहानपणापासून म्हणत आले होते, पण अर्थ त्या दिवशी कळला.

आपल्याकडे तपाचे 12 प्रकार सांगितलेत. उपवास त्यातला फक्त एक. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं हे ऊनोदर, तूप-मीठ-गोड यातलं काही सोडणं हा रसपरित्याग, शास्त्र वाचणं हा स्वाध्याय. थकल्या-आजारी साधूंची सेवा करणं, वैयावृत्य, हेही तपच. आणि चार दानांमध्ये औषधदान आहे. औषध देणं पुण्य असेल, तर ते घेणं श्रद्धेत कमी पडणं कसं होईल?

हे मी स्वतःसाठीही लिहितेय. धाकट्याच्या जन्मानंतर मला उदासीनं घेरलं होतं. झोप नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही. "असातावेदनीय कर्माचा उदय आहे, णमोकाराचा जप वाढव," असं सगळ्या म्हणायच्या. मी माळ घेऊन बसायचे. मन लागायचं नाही, मग त्याचंही अपराधीपण वाटायचं. शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, उपचार सुरू झाले. काही आठवड्यांनी झोप परत आली आणि तिच्या मागोमाग जपही परत आला. कर्माचा उदय मी नाकारत नाही. पण पुरुषार्थही आपल्याच धर्मानं शिकवलाय, आणि डॉक्टरांकडे जाणं हा पुरुषार्थच.

म्हणून श्रद्धेचा शरीराला उपयोग नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. सामायिकाची 48 मिनिटं फोन दूर असतो, तेव्हा डोक्यातली गडबड शांत होते. सूर्यास्ताआधी जेवलं की पोट हलकं राहतं. सकाळचा अभिषेक चुकू नये म्हणून सासूबाई गुडघे दुखत असतानाही उठतात, चार जणींशी बोलतात. म्हातारपणी उठायला कारण असणं हेच केवढं मोठं औषध! फक्त ते गोळीच्या सोबत घ्यायचं, गोळीच्या जागी नाही.

आता पर्वाच्या पंधरा दिवस आधी आम्ही डॉक्टरांना भेटतो. दहा दिवस सासूबाई तूप सोडतात, वेळेवर जेवतात, गोळी घेतात आणि दुपारी नातीला शास्त्र वाचून दाखवतात. गेल्या वर्षी क्षमावाणीला माझा हात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी तुला फार घाबरवलं गं, क्षमा कर."

तुमच्या घरी कुणी मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर पर्व सुरू व्हायच्या आधी एकदा नक्की विचारा: उपवास धरणार आहात का, आणि डॉक्टरांना सांगितलंय का? व्रत लपवून करायची वेळ घरात कुणावर येऊ देऊ नका.

जय जिनेंद्र.