नामंजूर केलेला वाडा

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आम्हा दोघांना पणजीत तीन रात्रींची भेट दिली. ‘बुटीक हॉटेल आहे बाबा,’ म्हणाली. डोंबिवलीकराला बुटीक म्हटलं की फडके रोडच्या आसपासचं, ब्लाऊज शिवून देणारं दुकान आठवतं. ‘अहो, तिथं झोपायचं कुठं?’ हिनं विचारलंच.

ठाण्याला कोकण रेल्वेची गाडी धरली, करमळीला उतरलो आणि फोंतेन्हासमध्ये पोहोचलो. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याची ही जुनी वस्ती. पणजी १८४३ मध्ये गोव्याची राजधानी झाली, १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, पण इथली निळी-पिवळी घरं राहिली. ‘३१ जानेवारी रस्ता’ हे नावसुद्धा राहिलं. याच रस्त्यावरचं ‘पणजिम इन’ हे घराचंच हॉटेल झालेलं. आमचं त्याहून लहान, अवघ्या आठ खोल्यांचं. चालताना कुरकुरणारी लाकडी जमीन आणि काचेऐवजी शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की जाग यायची.

मालकीणबाई त्याच घरात जन्मलेल्या. मी कौतुक करायला लागलो, तर त्या म्हणाल्या, ‘दर पावसाळ्यानंतर छपराला पैसे लागतात. खोल्या चालतात म्हणून छप्पर आहे.’

बँकेत जन्म गेलेला माणूस मी. रात्री मनातल्या मनात आठ खोल्यांचा हिशेब मांडत बसलो आणि मला १९९६ साल आठवलं.

तेव्हा मी कल्याणच्या एका शाखेत होतो. पारनाक्याकडच्या एक वयस्क बाई अर्ज घेऊन आल्या. वाड्याचं छप्पर दुरुस्त करायचं, पुढच्या चार खोल्या लग्नकार्याच्या पाहुण्यांना नि प्रवाशांना द्यायच्या, असा त्यांचा बेत. वाड्यावर पाच वारसांची नावं आणि उत्पन्नाचा भरवसा नाही. वाडा पाहायलाही न जाता मी ‘नामंजूर’ लिहिलं. नियमानं ते चूक नव्हतं. पुढं वाडा पडला, तिथं सात मजले उभे राहिले आणि त्यातल्या सदनिकांसाठी आलेली कर्जं मी भराभर मंजूर केली. बाईंना चार खोल्यांसाठी हवी होती त्याहून एकेक रक्कम मोठी होती.

कुणी म्हणेल, वाडे राखले तर माणसांनी राहायचं कुठं? खरं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत मीही संसार थाटला होता. गळक्या वाड्यात राहणाऱ्याला वारशाचं प्रवचन देणं सोपं असतं. शिवाय हॉटेलं झाली की त्रासही येतो. फोंतेन्हासमध्ये लोकांच्या दारात फोटो काढणाऱ्यांनी रहिवासी मेटाकुटीला आले आहेत. तेव्हा सगळेच वाडे राखा, असं मी म्हणत नाही. शंभरातले दोन तरी राखता आले असते.

शिवरायांनी १६५७ मध्ये घेतलेलं हे बंदर. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये इथंच जन्मल्या. पण कल्याण पाहायला आलेल्याला उतरायला आपण काय दाखवतो? स्टेशनाजवळचं लॉज. दुर्गाडी पाहायची नि संध्याकाळच्या लोकलनं परतायचं.

जुनं घर नुसत्या अभिमानावर उभं राहत नाही, त्याला स्वतःचं पोट भरता यावं लागतं. त्यासाठी वारसांनी एका कागदावर सह्या करायला हव्यात, पालिकेनं कर आणि परवानगीत हात सैल सोडायला हवा आणि बँकेनं वाड्याकडे मोकळा होऊ घातलेला प्लॉट म्हणून पाहणं थांबवायला हवं.

निघताना मालकीणबाईंनी अभिप्रायाची वही पुढं केली. हिनं छान चार ओळी लिहिल्या. मला सही तेवढी जमली. कल्याणच्या त्या बाई पुढं कुठं राहायला गेल्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सात मजली इमारतीच्या नावात मात्र ‘वाडा’ हा शब्द अजून आहे.

असा एखादा अर्ज उद्या कुणा तरुण अधिकाऱ्याच्या टेबलावर आला, तर त्याला एवढंच सांगेन : बाबा, शेरा मारण्याआधी एकदा ते घर पाहून ये.