ओढून रुंद केलेली अक्षरं

परवा एका फ्लेक्सवाल्याकडे बसलो होतो. कपड्यांच्या दुकानाची पाटी तयार होत होती. इंग्रजी नाव कंपनीकडूनच आलेलं : जाडजूड, ऐसपैस, कंपासनं काढल्यासारखे गोल ‘ओ’. खाली मराठी नाव टाइप केलं, तर ते निम्म्या लांबीतच संपलं. ऑपरेटर पोरानं माउसनं त्याची उजवी कड पकडली आणि सरळ ओढली.

“बसलं, काका.”

बसलं खरं! पण आडवं ओढल्यावर काने फुगतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. लठ्ठ खांबांवर सुतळी बांधावी तसं दिसतं. ‘व’चं पोट दाबलेल्या भाकरीसारखं होतं. आज कुठल्याही बाजारपेठेतून चक्कर मारा, अशा पाट्या ढिगानं दिसतील. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, ही दुरुस्ती दुकानांच्या राज्य कायद्यात २०२२ साली झाली, सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या भराभर बदलल्या. कायद्यानं आकार पाहिला. घडण कोण पाहणार?

रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, त्यामुळे त्यांना रुंदी मानवते. तिथंही नुसत्या कंपासवर भागत नाही. पॉल रेनर यांच्या १९२७च्या ‘फ्युचुरा’ या भौमितिक फॉन्टमध्ये गोल जिथं दांड्याला भिडतो तिथं रेघ गुपचूप बारीक केलेली आहे, नाहीतर सांध्यात काळा डाग दिसला असता. आपल्याकडे अडचण उंचीची. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. ‘राष्ट्र’ लिहायचं म्हटलं तरी ‘ष्ट्र’ची माडी चढवावी लागते. त्यात जाडी वाढवली की ‘ष’ची पोटातली जागा बुजते, ‘क्ष’ गुदमरतो. ‘ठ’ मात्र गडी मजेत : एक दांडी, एक वर्तुळ, झालं काम. (भौमितिक अक्षरांचा नमुना दाखवताना ‘ठ’ पुढे करणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. ‘झ’ दाखवा म्हणतो.)

हे जमत नाही असं नाही. इंडियन टाइप फाउंड्रीच्या २०१४च्या ‘पॉपिन्स’मध्ये देवनागरी निनाद काळे यांची आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. तिथं रोमन कॅपिटल अक्षरं देवनागरीपेक्षा बुटकी ठेवली आहेत. म्हणजे पाहुण्यानं थोडं वाकून आत यायचं. ‘एक टाइप’च्या ‘मोदक’नं तर जाडी इतकी वाढवली की अक्षराच्या पोटात नुसती फट उरते, तरी वाचता येतं. दोन्ही फॉन्ट फुकट मिळतात. तेव्हा खर्चाची सबब मला पटत नाही. रोमन नावासाठी महिनोन्‌महिने डिझायनर बसवणारी कंपनी मराठीसाठी साधी फाइलही पाठवत नाही, राग त्याचा आहे. त्या पोराचा काय दोष?

मी त्याला म्हटलं, ओढू नकोस, सगळंच मोठं कर. दोन्ही बाजूंना जागा राहिली तर राहू दे. त्यानं ‘पॉपिन्स’चं सगळ्यात जाड वजन लावलं. शिरोरेषेला अंग आलं, ‘व’ गोल झाला. पोरगाही जरा मागे सरकून बघत राहिला.

तेवढ्यात दुकानाचे मालक आले. चष्मा वर करून त्यांनी स्क्रीन पाहिला.

“छान आहे. पण बाजूला मोकळं दिसतंय हो. थोडं ओढा की.”

– पाटीवाचक