शिकाऱ्याची अंत्ययात्रा

सिंफनी हा शब्द ऐकला की आपल्यातला मध्यमवर्गीय माणूस जरा बिचकतो. शंभरेक वादक, हातात छडी घेतलेला एक संचालक आणि टाळी नेमकी कुठे वाजवायची याची धास्ती! नाट्यगीतांवर आणि भावगीतांवर पोसलेल्या कानांना हे प्रकरण परके वाटावे, यात नवल नाही. पण मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ज्याच्या रचना जगभर वाजवल्या, त्या गुस्ताव माहलरची पहिली सिंफनी आम्हां चंद्रपूर-गडचिरोलीकरांना तरी परकी वाटू नये. ती जंगलाच्या पहाटेने सुरू होते आणि पुढे तिच्यात एका शिकाऱ्याची अंत्ययात्रा निघते.

माहलर १८६० साली बोहेमियात जन्मला. ही सिंफनी १८८९ साली बुडापेस्टला प्रथम वाजली, तेव्हा श्रोते गोंधळून गेले. आरंभी तंतुवाद्ये एकच स्वर सात सप्तकांत धरून ठेवतात. जणू पहाटे कुणी तंबोरा छेडीत बसले आहे. ‘निसर्गाच्या नादासारखे’ अशी सूचनाच माहलरने तिथे लिहून ठेवली आहे. मग दोन स्वर उतरतात, षड्जावरून खालच्या पंचमावर. सनई जातीचे क्लॅरिनेट त्याच दोन स्वरांत पाखराची साद घालते. इतक्यात रंगमंचाच्या आडून, दूरवरून, लष्करी बिगुलासारखे सूर येतात. माहलरचे बालपण लष्करी छावणीच्या गावात गेले होते. उन्हाळ्यातल्या पहाटे ताडोब्याच्या कडेला उभे राहावे, तर क्रम हाच: आधी रातकिड्यांची अखंड किरकिर, मग पावशा, आणि मग लांबवर कोळशाच्या गाडीची शिट्टी.

खरी मौज तिसऱ्या भागात आहे. ऑस्ट्रियातल्या मुलांच्या ओळखीचे एक जुने चित्र होते: शिकारी मेला आहे आणि हरणे, ससे, कोल्हे त्याची मिरवणूक काढून त्याला पोचवायला निघाले आहेत. माहलरने ते संगीतात आणले. नगाऱ्यावर तेच दोन स्वर संथपणे पडू लागतात आणि अवजड डबल बास एकटाच एक चाल धरतो. चाल कुठली? ‘फ्रेर जाक’ या बालगीताची, आपली मुलेही बालवाडीत म्हणतात ती! फक्त गांधार आणि धैवत कोमल केले आहेत. तेवढ्याने खेळण्यातले गाणे प्रेतयात्रेचे होते. एकामागून एक वाद्ये त्या रांगेत सामील होतात आणि मध्येच झांजा-ढोलासह रस्त्यावरचा बँड ठुमकत येतो!

आमच्या काव्यशास्त्राने करुण आणि हास्य हे विरोधी रस मानले. वर्गात मीही ते तसेच शिकवतो. पण दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीतल्या त्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत आईच्या मरणावर रडणारा प्रेक्षक डोळे पुसायच्या आतच विनोदी नटाला हसत असतो. त्याला कुठे विरोध जाणवत नाही. माहलरलाही जाणवला नाही. बुडापेस्टच्या रसिकांना मात्र, आता हसावे की रडावे, हे कळेना.

आमच्या मुलखात त्या चित्रातली थट्टा थट्टा राहत नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेला माणूस वाघाच्या तावडीत सापडतो. त्याची अंत्ययात्रा निघते, तेव्हा तो शिकारी नसतो. पोटासाठी रानात गेलेला असतो. दुसरीकडे कुंपणात सोडलेल्या विजेने वाघ मरतो. मग वनखात्याची माणसे पंचनामा करतात, लाकडे रचतात आणि वाघाला अग्नी देतात. तिकडच्या चित्रात जनावरांनी शिकाऱ्याला पोचवले. इकडे माणसे वाघाला पोचवतात. त्या चितेभोवती उभ्या असलेल्यांच्या मनात दुःख किती आणि सुटकेचा श्वास किती, हे कुणी सांगावे? ज्याच्या घरचे माणूस गेले आहे, त्याला तर हा प्रश्न विचारण्याचाही धीर होत नाही.

माहलर तिथे थांबत नाही. चौथा भाग एका भयंकर आक्रोशाने फुटतो आणि बऱ्याच झगड्यानंतर त्या उतरत्या स्वरांतूनच विजयगीत उभे राहते. शेवटी हॉर्नवाले उभे राहून वाजवतात. पण माझे मन अजून तिसऱ्या भागातच रेंगाळते.

नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. दहा-अकरा मिनिटांचे काम आहे. ऐकताना घरातल्या लहान मुलाला जवळ बसवावे. चाल तो चटकन ओळखील आणि ती अशी दुःखी का झाली, हेही विचारील. त्याला शिकाऱ्याची गोष्ट सांगावी, आणि मग आमच्या वाघाचीही.