इंग्रजी शब्द पाठ करण्याआधी...

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हटले की आपल्याकडे एकच उपाय सांगतात. वहीत तीन रकाने आखा : शब्द, उच्चार, अर्थ. रोज दहा शब्द पाठ करा. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शिकवताना अशा वह्या मी शेकड्यांनी तपासल्या. वह्या भरतात, पण मूल बोलायला उभे राहिले की गप्प!

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. वर्षे वाढली, भीती मात्र गेली नाही. याच भीतीपोटी पालक मुलांना मराठी शाळेतून काढतात. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

माझे मत असे की सुरुवात अनोळखी शब्दांपासून करूच नये. मुलाच्या तोंडी आधीच असलेल्या शब्दांपासून करावी. कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातले कुठलेही पोर घ्या. मोटर, स्टार्टर, फ्यूज, पाईप, ट्रॉली, पंक्चर, स्टँड, कंडक्टर... मोजत बसलात तर शंभरेक शब्द सहज निघतील. आणि आपण त्याला सांगतो, तुला इंग्रजीतले काही येत नाही!

या शब्दांचा अर्थ फक्त रुंद करायचा आहे. शेतातले 'बोर' म्हणजे भोक पाडणे. 'बोर झालो' मधला बोर तसाच लिहितात, अर्थ वेगळा. 'लाईट गेली' म्हणताना आपल्याला वीज अभिप्रेत असते. इंग्रजीत लाईट म्हणजे उजेड, आणि हलकासुद्धा. 'ब्रेक' तर मजेदारच. गाडीचा ब्रेक आणि मोडणे या अर्थाचा ब्रेक ऐकायला एक, स्पेलिंग दोन.

उच्चारही इथूनच शिकवता येतो. पाइपलाइनवरच्या व्हॉल्व्हला शेतकरी 'वॉल' म्हणतात. इंग्रजीत वॉल म्हणजे भिंत! मग मुलांना सांगावे, भिंतीसाठी ओठांचा चंबू करा, व्हॉल्व्हसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. हा फरक एकदा तोंडाला कळला की विसरत नाही.

उच्चाराचा रकाना वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण देवनागरी सगळे दाखवू शकत नाही. तारीख आणि कर्ज, दोन्हींसाठी आपण 'डेट' असेच लिहितो. तारखेतला 'ए' लांब, कर्जातला आखूड, आणि कर्जाच्या स्पेलिंगमधला 'बी' मुका. लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी मागाहून घुसवलेला तो 'बी' इंग्रज माणूस स्वतःही उच्चारत नाही. तसेच आघाताचे. 'फोटोग्राफ' मध्ये जोर 'फो' वर, 'फोटोग्राफर' मध्ये तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो. आपण मराठी माणसे सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हणतो. ते कानानेच सुधारते. आज घरोघरी मोबाईल आहे, त्यातला शब्दकोश उच्चार ऐकवतो. पाचदा ऐकावे, पाचदा मोठ्याने म्हणावे, मग लिहावे.

आमच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली. तिचा मोठा गुण हा, की शब्द वाक्यासकट भेटत. मात्र पुस्तकाला आवाज नसतो, त्यामुळे मराठी माध्यमातून बी.ए. झालेले माझ्यासारखे अनेकजण इंग्रजी वाचत सुटले आणि बोलताना अडखळत राहिले. आजच्या मुलांना वाक्यही मिळू शकते, आवाजही.

पालकांना एवढीच विनंती. रोज दहा नको, दोनच शब्द घ्या. पण ते घरातले, रानातले, एसटीतले घ्या. अर्थ मराठीत खुशाल सांगा. मातृभाषा आडवी येत नाही, हात देते. आपल्याला इंग्रजी आधीच थोडे येते हे ज्या मुलाला कळले, त्याची भीती निम्मी तिथेच संपते. बघा, पटते का.