स्तन काढायचा, मग पुढे काय?

केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून वाढून एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. महाडच्या किंवा म्हसळ्याच्या बाईला केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी पहाटेची एसटी पकडून खारघर गाठावे लागू नये, यात वादाचे काही नाही. पण डे-केअर केंद्रात सलाइन लावता येते, मोठी शस्त्रक्रिया होत नाही. ती परळचे टाटा मेमोरियल, त्याचाच भाग असलेले खारघरचे अ‍ॅक्ट्रेक किंवा अशाच मोठ्या सरकारी-खासगी रुग्णालयांत होते. तिथे पोहोचलेल्या बाईपुढे आणखी एक प्रश्न असतो, तो घोषणांमध्ये नसतो आणि गर्दीच्या ओपीडीत बहुतेकदा निघतही नाही. स्तन काढल्यावर ती जागा तशीच ठेवायची की नवा स्तन घडवायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या, नोकरी करणाऱ्या, मुले अजून शाळा-कॉलेजात असलेल्या बायका. त्यांच्या वतीने उत्तर देतो तो सोबतचा नातेवाईक. ‘जीव वाचू दे डॉक्टर, बाकीचं राहू दे,’ किंवा ‘आता या वयात कशाला?’ बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण जिच्या शरीराचा प्रश्न आहे, तिला कोणी विचारत नाही, आणि तपासायला चाळीस रुग्ण बाकी असलेला डॉक्टरही ते उत्तर पुरेसे मानून पुढे जातो.

विचारायचे ते शस्त्रक्रियेच्या आधीच, यामागे साधे कारण आहे. पुनर्रचना त्याच वेळी करायची असेल, तर सर्जन स्तनावरची त्वचा, आणि रोग दूर असेल तर स्तनाग्रही, शाबूत ठेवून आतला भाग काढू शकतो. तसा बेत नसेल तर जास्तीची त्वचा काढून छाती सपाट शिवली जाते. पुनर्रचना त्यानंतरही होते, पण मग त्वचा दुसरीकडून आणावी लागते.

त्याही आधीचा प्रश्न म्हणजे स्तन पूर्ण काढायलाच हवा का. फक्त गाठ काढून नंतर किरणोपचार दिले तरी आयुर्मान तेवढेच राहते, हे अमेरिका आणि इटलीतल्या दोन चाचण्यांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याने २००२ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे गाठ मोठी झाल्यावर रुग्ण येतात, हे खरे. पण आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता आली, तर अनेकींचा स्तन वाचतो. ‘सगळंच काढून टाका, म्हणजे काळजी नको’ असे कुटुंबाला वाटते, त्याला शास्त्राचा आधार नाही.

स्तन काढणे अटळ असेल, तर पुढची निवड ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे किरणोपचार. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेतल्या चार वा अधिक लसिकाग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर स्तन काढूनही ते सहसा द्यावे लागतात. आणि किरण व सिलिकॉन यांचे जमत नाही. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतेच. किरणांनंतर ते आवळून जाड, कडक होण्याची शक्यता बरीच वाढते. स्तन दगडासारखा लागतो, आकार बिघडतो, दुखतो. अशा वेळी स्वतःच्या शरीरातले मांस-चरबी वापरणे किंवा पुनर्रचना पुढे ढकलणे, हा सल्ला बहुधा योग्य ठरतो.

किरणांची गरज नसेल तर इम्प्लांटचा मार्ग सोपा वाटतो. शस्त्रक्रिया लहान, दुसरीकडे व्रण नाही. मात्र पुष्कळदा आधी छातीच्या त्वचेखाली फुगवता येणारी पिशवी बसवतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी सुईने सलाइन भरून जागा तयार करतात. वाशी-नेरूळला राहणारीला हे जमते, श्रीवर्धनवरून येणारीने त्या फेऱ्या आधीच मोजलेल्या बऱ्या. इम्प्लांट जन्मभराची वस्तू नव्हे, तो कधी ना कधी बदलावा लागू शकतो. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीचे खरखरीत पृष्ठभागाचे ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले, कारण त्यांचा संबंध एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमाशी जुळला होता. म्हणून कोणत्या कंपनीचा, कोणत्या पृष्ठभागाचा इम्प्लांट बसवला, याचे कार्ड प्रत्येकीकडे असायला हवे.

स्वतःच्या ऊतींमध्ये दोन जागा मुख्य. पाठीचा रुंद स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काखेखालून पुढे वळवतात. ही जुनी, खात्रीची पद्धत, सूक्ष्मदर्शकाशिवाय होणारी. व्रण पाठीवर येतो, काही आठवडे तिथे पाणी साठते, आणि स्तन मोठा असेल तर एवढे मांस पुरत नाही. दैनंदिन कामे पुढे नीट होतात, पण हात वर करून जोर लावण्याची ताकद थोडी कमी होऊ शकते. करंजाच्या कोळणीला डोक्यावर टोपली चढवायची असते, हे सर्जनला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दुसरी जागा ओटीपोट. पूर्वी पोटाचा स्नायूच वर आणत, त्याने पोटाची भिंत कमजोर होऊन हर्निया व्हायचा. आता ‘डीप फ्लॅप’मध्ये स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या घेतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. स्तन सर्वांत नैसर्गिक असा होतो, वजनाबरोबर कमी-जास्तही होतो. पण शस्त्रक्रिया सहा-आठ तास चालते, पहिल्या दोन दिवसांत तासातासाला रक्तपुरवठा पाहावा लागतो आणि क्वचित वाहिनी बंद पडून सगळा फ्लॅप वाया जातो. सिझेरियनचा आडवा व्रण सहसा आड येत नाही. अनियंत्रित मधुमेह येतो, तंबाखूही येतो. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे. मशेरीतल्या निकोटिननेही वाहिन्या आकसतात, आणि ती सवय बायका डॉक्टरला क्वचितच सांगतात. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी ती बंद हवी.

कोणत्याही पद्धतीत पूर्वीसारखी स्पर्शाची जाणीव परत येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पुनर्रचनेमुळे रोग पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढत नाही, हेही तितकेच स्पष्ट. जखम भरायला वेळ लागला तर पुढची केमोथेरपी लांबू शकते, ही भीती मात्र खरी आहे, आणि जिचा रोग आक्रमक आहे तिने थांबलेले बरे.

काहीच न करणे हीसुद्धा पूर्ण निवड आहे, ती माघार समजू नये. अनेकींना आणखी एक भूल, आणखी एक व्रण नको असतो. ब्रेसियरमध्ये ठेवायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वजनाने खऱ्यासारखा असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा भार असलेल्या खांद्यावर ताण येत नाही. मात्र तो महाग असतो आणि नवी मुंबईच्या दमट उकाड्यात त्याखाली घाम साचतो. साईशा इंडिया फाउंडेशनच्या स्वयंसेविका सुती धाग्याचे विणलेले, हलके, धुता येणारे स्तन मोफत देतात. बऱ्याच जणींना तेवढे पुरते.

राहिला पैसा. खासगी आरोग्यविम्यात ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ वगळलेली असते, आणि तेवढेच वाचून कुटुंबे खचतात. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाण शब्दरचनेत मात्र अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या वगळणुकीतून बाहेर ठेवली आहे. दावा ‘कॉस्मेटिक’ म्हणून फेटाळला तर हेच कलम दाखवून लेखी तक्रार करावी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचे पत्र जोडावे. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीवर पुनर्रचनेचा, दुसरा स्तन जुळवून घेण्याचा आणि कृत्रिम स्तनाचाही खर्च टाकला. आपल्या सरकारी योजनांची भाषा इतकी स्पष्ट व्हायला हवी. तोवर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच विचारावे, की मंजुरी फक्त स्तन काढण्याची घेतली जाते आहे की पुनर्रचनेचीही.

आज नको म्हटलेली पुनर्रचना पाच वा दहा वर्षांनीही होऊ शकते. त्या वेळी नवा सर्जन जुने कागद मागतो, तेव्हा शस्त्रक्रियेची नोंद, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि किरणोपचार कुठे, किती दिले याचा तक्ता एका फाइलीत घालून घरी जपून ठेवावा.